विनाशिकेचे सुटे भाग पुरवायचे आहेत? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस मोरमुगाव’ १८ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिकांपैकी (डिस्ट्रॉयर युद्धनौकांपैकी) ही दुसरी. चौथी, ‘सुरत’, १५ जानेवारी २०२५ ला आली. १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टनांची ही जहाजे. त्यांना चालवणाऱ्या गॅस टर्बाइन इंजिनांचे मूळ घर मात्र युक्रेनमधले मिकोलाइव्ह. २०२२ मध्ये त्या शहरावर तोफा धडाडल्या आणि सुटे भाग आपल्याकडेच का बनायला हवेत, हे पुन्हा एकदा कळून चुकले.

टर्बाइनची पाती लहान वर्कशॉपच्या आवाक्यातली नाहीत. पण व्हॉल्व्ह, फ्लँज, पंपाचे इम्पेलर, बुश, सील आपल्या लेथवर नक्की होतात.

सुरुवात ‘उद्यम’ या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीने करा. ती मोफत आहे. आधार आणि पॅन पुरते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ धरला जातो. सूक्ष्म व लघु उत्पादकांना निविदेची बयाणा रक्कम माफ असते. नोंदणी व्यापारी म्हणून केली असेल तर ही माफी मिळत नाही, तेव्हा ‘उत्पादन’ हाच प्रकार निवडलाय ना, हे तपासा.

मग सरकारी खरेदीचे ‘जेम’ पोर्टल आणि संरक्षण मंत्रालयाचे ‘सृजन’. पूर्वी आयात होणाऱ्या वस्तू ‘सृजन’वर दिसतात, जमेल त्या वस्तूपुढे स्वारस्य नोंदवायचे. एवढ्याने ऑर्डर मिळत नाही, फक्त संबंधितांना तुमची ओळख होते. माझगाव डॉकची पुरवठादार नोंदणी वेगळी करावी लागते.

पॅन, जीएसटी, ताळेबंद, रद्द केलेला धनादेश, यंत्रांची यादी, मोजमाप साधनांचे कॅलिब्रेशन दाखले आणि आधीच्या कामांच्या ऑर्डरी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. ई-निविदेसाठी डिजिटल सही लागते. मालातले स्थानिक (म्हणजे देशातच तयार झालेले) मूल्य ५० टक्के किंवा जास्त असेल तर ‘वर्ग एक स्थानिक पुरवठादार’ म्हणून प्राधान्य मिळते, त्याचे घोषणापत्र जोडा.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद: धातूची टीसी, म्हणजे चाचणीचा दाखला (टेस्ट सर्टिफिकेट). समुद्राच्या पाण्यात साध्या पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे तांबूस, ठिसूळ जाळी उरते. म्हणून अशा जागी निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ मागतात. तोच धातू वापरला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बारच्या टोकावर ठोकलेला हीट नंबर (धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा क्रमांक) आणि टीसीवरचा नंबर जुळावा लागतो. करवतीने ते टोक कापले गेले की उरलेल्या तुकड्याला ओळखच राहत नाही. माप मायक्रॉनपर्यंत बरोबर असले, तरी असा जॉब तपासणीत अडकतो. म्हणून कापण्याआधी नंबर दुसऱ्या टोकावर ठोकून घ्या, आणि हे करवतीवर उभ्या असणाऱ्या मुलालाही नीट समजावून सांगा.