पिशवी निघाली, मग आता त्रास कसला?

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी मल गोळा करायला पोटावर लावलेली पिशवीपण निघाली, की नातेवाईक म्हणतात सुटलास बाबा एकदाचा. आणि मग तोच माणूस सकाळी तासाभरात चार-पाच वेळा संडासला जातो, म्हापशाहून पणजीला बसने यायला घाबरतो, चवथीला कोणाकडे जायचं नाव काढत नाही, तेव्हा घरचे म्हणतात मनानेच खचलाय हा. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण हे मनाचं नाहीच मुळी.

शाळेत आपण शिकतो की मोठं आतडं पाणी शोषून घेतं आणि उरलेलं बाहेर, संपलं. पण शेवटचा 12 ते 15 सेंटीमीटरचा भाग, म्हणजे गुदाशय, हा नुसता पाईप नाही. मल आला की त्याची भिंत सैल पडून ताणते आणि आतला दाब फारसा न वाढवता साठवण करते. खाली स्नायूंच्या दोन कड्या, आतली आपोआप चालणारी, बाहेरची आपल्या ताब्यातली. आता खरी कमाल बघा, गुदाशय थोडा भरला की आतली कडी काही सेकंद स्वतःहून सैल होते, आतलं थोडंसं खाली उतरून गुदमार्गाच्या अस्तराला टेकतं, आणि तिथे मज्जातंतूंची टोकं इतकी दाट असतात की हा गॅस, हे पातळ, हे घट्ट असं ते अस्तर ओळखतं. जिभेने चव बघावी तसंच. तेवढा वेळ बाहेरची कडी आवळून धरते. हे दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

1982 मध्ये इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट नीट सोडवून काढायची पद्धत मांडली, त्याने कॅन्सर तिथेच परत उगवणं खूप कमी झालं. पण साठवणीची जागा गेली ना! वरचं आतडं खाली ओढून जोडतात ते अरुंद असतं, त्यात दाब पटकन चढतो, आणि भिंतीतलं मज्जातंतूंचं जाळं तुटल्यामुळे ती ओळखायची क्रियापण बिघडते, रेडिएशन घेतलं असेल तर आणखी. म्हणून थोडं थोडं, परत परत, अचानक. गुदाशय काढल्यानंतरच्या या शौचाच्या त्रासाला लार्स (लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात, 2012 मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी तो मोजायला पाच प्रश्नांचा स्कोअर काढला, 0 ते 42, त्यात 30 किंवा वर म्हणजे मोठा त्रास. पहिल्या वर्ष-दीड वर्षात बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळं पूर्वीसारखं होतंच असं नाही.

म्हणून बायकोने किंवा नवऱ्याने "आत्ताच तर जाऊन आलास" हे म्हणायचं सोडावं. जेवलं की आतड्याला हालचालीचा इशारा जातोच, तर बाहेर पडायच्या दिवशी जेवणाची वेळ बदला, काय खाल्लं नि काय झालं ते वहीत लिहा. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर मल घट्ट होतो, लोपरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध डॉक्टरांना विचारूनच. कातडी सोलवटते, पाण्याने धुवून टिपायची, घासायची नाही, वर झिंकचं मलम. पिशवी लहान आतड्याची असेल तोवर मीठ-पाणी भराभर जातं, नुसतं पाणी पीत राहून भागत नाही, ओआरएस लागतं, उकड्या तांदळाची मिठाची पेजही चांगली. अळंबी आणि खोबरं मात्र जपून, नीट चावून, पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशी अडकतं.

आणि रक्त पडलं की मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध महिनोन् महिने घेणारे आपल्याकडे अजून आहेत, गोमूत्राने गाठ जाते म्हणणारेही. गाठ त्याने जात नाही, वेळ जातो. आधी तपासून घ्या.

लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसाही गुदाशयाला अगदी खेटून जातात, त्यांना धक्का लागू शकतो. ऑपरेशनआधीच दोघांनी मिळून सर्जनला हे स्पष्ट विचारावं, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, व्यायाम कोण शिकवणार तेही, आणि पेशंट लाजत असेल तर जोडीदारानेच विचारावं.