‘साभार : इंटरनेट’ लिहिलं की झालं?

स्मरणिकेपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक समज फिरत असतो : नेटवरचा फोटो कुठेही वापरावा, खाली ‘साभार : इंटरनेट’ लिहिलं की पुरे.

हेतू चांगलाच असतो. पण इंटरनेट फोटो काढत नाही, माणूस काढतो. फोटोवर त्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट असतो आणि १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. फोटोवर कसलीही खूण नसली तरी हक्क असतोच. श्रेय देणं वेगळं, परवानगी असणं वेगळं.

आधीच परवानगी दिलेले, क्रिएटिव्ह कॉमन्स (‘सीसी’) परवान्याचे फोटोही भरपूर आहेत. फक्त परवान्याची अक्षरं वाचावी लागतात. ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ असेल तर बदललेली प्रत वाटायची नाही, ‘एसए’ असेल तर ती त्याच परवान्याखाली द्यायची.

हे तपासायला इमेज सर्चने (फोटो देऊन नेटवर शोधून) मूळ पानापर्यंत जा (फॉरवर्डमध्ये परवाना सहसा येत नाही). तिथे परवाना दिसला नाही, तर परवानगी नाही असं धरून विचारा. दिसला, तर ओळ अशी लिहा : फोटोचं शीर्षक, छायाचित्रकाराचं नाव, मूळ पानाचा दुवा आणि तिथे असेल तो परवाना आवृत्तीसह, उदा. ‘सीसी बाय-एसए ४.०’. कडा कापल्या असतील तर तेही.