काई टाक विमानतळ

हाँगकाँगचा जुना आंतरराष्ट्रीय विमानतळ. काउलून द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, दाट वस्तीला खेटून असलेला हा तळ १९२५ पासून वापरात आला आणि जुलै १९९८ मध्ये बंद झाला. विमान उतरवण्याच्या अवघड वाटेमुळे तो जगभरच्या वैमानिकांना माहीत होता.

ही जागा मुळात विमानांसाठी नव्हतीच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉक्टर व वकील सर काई हो काई आणि व्यापारी औ टाक यांनी काउलूनच्या उपसागरात भराव घालून घरांसाठी जमीन तयार करण्याचा बेत आखला. तो फसला आणि जमीन सरकारकडे गेली. दोघांची नावे मात्र तिला चिकटून राहिली. १९२५ मध्ये हॅरी ॲबट यांनी येथे उड्डाणशाळा काढली. ती अल्पायुषी ठरली, पण ब्रिटिश हवाई दलाने मैदान वापरात ठेवले. १९३६ मध्ये इंपीरियल एअरवेजची पेनांगहून येणारी नियमित सेवा सुरू झाली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँग जिंकले आणि युद्धकैद्यांना राबवून तळ वाढवला. त्यासाठी लागणारा दगड काउलूनच्या तटबंदी असलेल्या जुन्या वस्तीचा तट पाडून मिळवण्यात आला. शेजारची टेकडीही सुरुंगाने फोडली गेली. तिच्यावर सुंग वाँग तोई हा प्रचंड शिलाखंड होता. मंगोलांपासून पळत आलेल्या सुंग घराण्याच्या अखेरच्या बालसम्राटांची ती आठवण. अक्षरे कोरलेला तुकडा तेवढा वाचला आणि पुढे जवळच्या एका छोट्या बागेत ठेवण्यात आला.

जेट विमानांना पुरेल एवढी सपाट जमीन काउलूनमध्ये उरली नव्हती. म्हणून समुद्रातच भराव घालून लांब, चिंचोळी धावपट्टी बांधली गेली. ती १९५८ मध्ये खुली झाली. १९७०च्या दशकात तिची लांबी ३,३९० मीटरपर्यंत वाढवण्यात आली.

या धावपट्टीच्या एका टोकाला बंदर, तर दुसऱ्या टोकाला शहर आणि त्यामागे डोंगर. समुद्राकडून उतरणे नेहमीसारखे होते. शहराच्या बाजूने मात्र सरळ रेषेत येताच येत नसे. त्यामुळे मार्गदर्शक रेडिओलहरी धावपट्टीच्या रेषेशी ४७ अंशांचा कोन करून सोडलेल्या होत्या. वैमानिक त्यांच्या आधाराने, नारिंगी-पांढरे चौकोन रंगवलेल्या एका टेकडीच्या रोखाने खाली येई. ते चौकोन आणि पुढची वाट दिसल्यावर विमान हाताने उजवीकडे वळवायचे. वळण संपेपर्यंत ते जेमतेम दीडशे फुटांवर आलेले असे. आडवा वारा असला की कसोटीच. विमाने गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांना घासून जात, अशा कथा रंगवून सांगितल्या जातात. याच तळासाठी काउलूनमधील इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा होती, हे त्यात विसरले जाते.

४ नोव्हेंबर १९९३ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७ वादळी हवेत उतरताना धावपट्टी संपवून पाण्यात गेले. आतले सर्वजण बचावले. विमानाचे उंच शेपूट उतरण्याच्या मार्गदर्शक लहरींना अडथळा करू लागल्याने ते स्फोटाने उडवावे लागले.

तरीही तळ बंद होण्याचे मुख्य कारण धोका नव्हते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत एका धावपट्टीवर वर्षाला सुमारे २.९ कोटी प्रवासी आणि प्रचंड माल हाताळला जात होता. आवाजामुळे रात्री उड्डाणे बंद ठेवावी लागत आणि विस्ताराला जागाच नव्हती. लांताऊ बेटालगत चेक लॅप कॉक येथे नवा तळ उभारण्यात आला. ५ जुलै १९९८च्या मध्यरात्री लंडनचे अखेरचे नियोजित विमान सुटले. त्यानंतर काही वेळाने धावपट्टीचे दिवे मालवले गेले, आणि सामानसुमान ट्रक, बार्ज व विमानांनी रातोरात हलवण्यात आले. नव्या तळावर मालवाहतुकीचा इतका गोंधळ उडाला की काई टाकचे मालवाहतूक केंद्र तात्पुरते पुन्हा उघडावे लागले.

पुढे इंधनाने दूषित झालेली माती शुद्ध करण्यातच बराच काळ गेला. तळ हलल्याने उंचीची मर्यादा सैल झाली आणि काउलूनमध्ये टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. जुन्या धावपट्टीच्या टोकावर २०१३ मध्ये क्रूझ टर्मिनल सुरू झाले. तिथे पोहोचण्याच्या गैरसोयीबद्दल टीका होत राहिली आहे. मूळ बेतातली घरेही अखेर इथे झाली, पण सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींच्या रूपात. सुंग वाँग तोई मेट्रो स्थानकाच्या खोदकामात सुंग काळातील विहिरी आणि नाणी सापडली. हे स्थानक २०२१ मध्ये सुरू झाले, तर ५०,००० आसनांचे मुख्य स्टेडियम असलेले क्रीडा संकुल मार्च २०२५ मध्ये.