काळी कॉमिक्स आणि 'बिघडलेली' पोरं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो: 'रक्तपात आणि भुताखेतांची कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात, हे डॉक्टरांनी सिद्ध केलंय.'

काळजी खरी आहे. 'सिद्ध' मात्र झालेलं नाही.

या समजाला मोठं बळ मिळालं 1954 साली. अमेरिकेत एका मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक गाजलं. त्यांच्याकडे येणारी वाट चुकलेली मुलं कॉमिक्स वाचत, म्हणून दोष कॉमिक्सचा. पण त्या काळी तिथली बहुतेक सगळीच मुलं कॉमिक्स वाचत होती! आपल्याकडे तापानं दवाखान्यात आलेल्या पोरांना विचारा, बहुतेकांनी कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) खाल्लेला असणार. म्हणून कुंद्यानं ताप येतो असं कुणी म्हणेल का? कॉमिक्स वाचूनही न बिघडलेल्या मुलांशी नीट तुलनाच झाली नव्हती. पुढे त्या तज्ज्ञांची मूळ टिपणं अभ्यासकांना खुली झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की मुलांची काही वाक्यं बदललेली, एकमेकांत जोडलेली, काही चक्क गाळलेली होती. हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

भीती, किळस, एखाद्या रात्री झोप उडणं हे मात्र होतं, लहानांना जास्त. ती हिंसेची आवड नव्हे, उलट हिंसा नकोशी वाटल्याची खूण.

पुढचा मेसेज आला की विचारा: अभ्यास कोणता? न वाचणारी मुलंही तपासली का? घरातली मारहाण हिशेबात धरली का? आणि घरचं पोरगं असलं काही वाचत असेल, तर कुठलं पान नको झालं हे त्यालाच विचारा. बहुधा लगेच सांगतं.