लॅपटॉपचा पासवर्ड आणि डिस्कचं एन्क्रिप्शन: बंद पडलेली ड्राइव्ह वॉरंटीत देताना राखण कोण करतं?

बंद पडलेली हार्ड डिस्क वॉरंटीत परत द्यायची वेळ आली की लॅमिंग्टन रोड असो, ठाणे असो की वाशी, काउंटरवर एक संवाद ठरलेला असतो. ‘दादा, आतल्या डेटाचं काय?’ ‘लॅपटॉपला पासवर्ड होता ना ताई? मग कोण बघणार!’ सांगणारा फसवत नसतो, त्याचाही तसाच समज असतो. ऐकणारीला हायसं वाटतं आणि आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे फोटो, पागडीच्या खोलीचे कागद असं सगळं पोटात घेतलेली ड्राइव्ह पावतीच्या बदल्यात काउंटरपलीकडे जाते.

पासवर्ड आणि एन्क्रिप्शन या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. दोन्हींत काहीतरी टाइप करावं लागतं आणि दोन्ही ‘लॉक’ म्हणून ओळखल्या जातात, म्हणून त्या एकच वाटतात. घरात लॅपटॉप वापरताना फरक जाणवतही नाही. ड्राइव्ह लॅपटॉपमधून बाहेर निघाली की मात्र एकीचं काम तिथेच संपतं आणि दुसरीचं तिथून सुरू होतं.

आधी पासवर्ड. विंडोज सुरू झाल्यावर जो पासवर्ड किंवा पिन मागितला जातो, तो मागणारी विंडोज असते. तुम्ही टाइप केलेलं ती आपल्याकडच्या नोंदीशी ताडून बघते आणि जुळलं तर डेस्कटॉप उघडते. तुमच्या फायलींना या व्यवहारात कुणी हातही लावलेला नसतो. त्या डिस्कवर जशाच्या तशा, उघड्या लिहिलेल्या असतात. ड्राइव्ह काढून बाजारात काहीशे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये घातली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर तुमची विंडोज चालूच होत नाही, मग पासवर्ड विचारणार कोण? पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली तरी तेच. फोल्डरवर ‘परवानगी नाही’ असं आलं, तरी त्या कॉम्प्युटरचा ॲडमिनिस्ट्रेटर दोन क्लिकमध्ये फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतो, पण तुमचं कपाटच टेम्पोत घालून बाहेर नेलं, तर कपाटाबरोबर वॉचमन जात नाही. तसंच आहे हे.

पासवर्ड अगदीच कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. विंडोजवर क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तुमच्या लॉगिनशी बांधलेले असतात, त्यामुळे नुसती फाइल उचलून ते लगेच वाचता येत नाहीत. पण ड्राइव्ह हातात असलेल्याला घाई नसते. पासवर्डच्या नोंदी कॉपी करून घ्यायच्या आणि दुसऱ्या मशीनवर सावकाश अंदाज लावत बसायचं, एवढंच काम उरतं. नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड त्यात फार टिकत नाही. आणि फोटो, पीडीएफ, एक्सेलच्या फायली यांना तेवढंही संरक्षण नसतं.

आता एन्क्रिप्शन. इथे फाइल डिस्कवर लिहिली जाण्याआधीच एका गुप्त किल्लीने तिचं रूप बदललं जातं. विंडोजमध्ये एन्क्रिप्शनची जी बिटलॉकर नावाची सोय आहे, तिच्यात २०१५ पासून १२८ बिटांची एक्सटीएस-एईएस ही पद्धत नेहमीची आहे. मॅकमध्ये हेच काम फाइलव्हॉल्ट करतं, लिनक्समध्ये लक्स. बिटलॉकर लावलेली ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर फायली दिसतच नाहीत, समोर येते ती ४८ अंकी रिकव्हरी की मागणारी खिडकी. हजारो मशीन लावून एईएसची किल्ली अंदाजाने शोधणं आजही आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ही किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. नुसती ड्राइव्ह सर्व्हिस सेंटरला गेली, तर किल्ली तुमच्या घरी लॅपटॉपमध्येच राहते. वॉरंटीच्या दृष्टीने याहून चांगली सोय नाही.

वॉरंटीचं प्रकरण वेगळं का

चालू ड्राइव्ह विकायची असेल तर ती पुसून देता येते. झटपट फॉरमॅटने फक्त फायलींची यादी जाते, मजकूर तिथेच राहतो. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, आणि हार्ड डिस्कसाठी घरगुती पातळीवर ते पुरतं. एसएसडीसाठी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हसाठी, ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेजची आज्ञा वापरावी लागते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत पुसण्याच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत, तिसरी म्हणजे ड्राइव्ह नष्ट करणं.

बंद पडलेल्या ड्राइव्हला यातलं काहीच लागू पडत नाही. ती डिटेक्टच होत नाही, किंवा होते आणि दोन मिनिटांत अडकते. पुसण्याची आज्ञा द्यायची कुणाला? काही एसएसडी तर आयुष्य संपताना फक्त वाचण्यापुरत्या उरतात, म्हणजे आतलं सगळं दिसतं पण एक अक्षरही पुसता येत नाही. ड्रिलने भोक पाडलं किंवा झाकण उघडलं की वॉरंटी गेली. राहिलं लोहचुंबक. घरातल्या चुंबकाने डिस्कचं काही बिघडत नाही, आणि ज्या यंत्राने खरोखर बिघडतं त्याच्या वापरानंतर कंपनी ती ड्राइव्ह बदलून देत नाही.

लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढेच आहे. तुमच्यासाठी मेलेली ड्राइव्ह कंपनीसाठी मेलेली असतेच असं नाही. हार्ड डिस्कमध्ये डेटा असतो आतल्या चकत्यांवर आणि जळतो बऱ्याचदा बाहेरचा हिरवा बोर्ड. तसाच बोर्ड मिळवून, त्यावर मूळ बोर्डावरची छोटी रॉम चिप बसवली की चकत्या पुन्हा वाचता येतात. डेटा रिकव्हरीवाले रोज हेच करतात. कधी फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हचं आतलं सॉफ्टवेअर, बिघडलेलं असतं, कधी थोडे सेक्टर, म्हणजे चकत्यांवरचे छोटे कप्पे, खराब असतात. परत आलेल्या ड्राइव्ह तपासून, दुरुस्त होण्यासारख्या असतील तर दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणं ही या धंद्यातली उघड आणि रीतसर पद्धत आहे. वॉरंटीत तुम्हाला मिळणारी ड्राइव्हही अनेकदा अशीच, कुणीतरी परत केलेली असते. मधल्या टप्प्यात ती नीट पुसली जात असेलही. पण वॉरंटीच्या अटी वाचल्या तर डेटाची जबाबदारी ग्राहकाची, असंच लिहिलेलं आढळतं. आपण सही करतो ती त्याच्याच खाली.

जुन्या ड्राइव्हमध्ये काय सापडतं हे एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००३ साली दाखवून दिलं होतं. त्यांनी १५८ वापरलेल्या ड्राइव्ह विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांत पत्रं, वैद्यकीय माहिती, क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर होते. मोठ्या संस्थाही यात अडकतात. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेच्या काढून टाकलेल्या यंत्रांतल्या हार्ड डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात पोहोचल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्यांच्याकडून साडेतीन कोटी डॉलर दंड वसूल केला. त्या प्रकरणात काही उपकरणांमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती, पण ती वर्षानुवर्षं चालूच केलेली नव्हती. पासवर्ड आणि एन्क्रिप्शन यांतला फरक ज्यांना पगारासाठी कळायला हवा, त्यांच्याकडूनही हे सुटतं.

लॅपटॉपच द्यावा लागला तर

आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडी मदरबोर्डवरच बसवलेली असते, किंवा सर्व्हिस सेंटर ‘पूर्ण मशीन आणा’ म्हणतं. मग टीपीएम चिप आणि ड्राइव्ह एकत्रच जातात. मशीन चालू केलं की चिप स्वतःहून किल्ली देते, विंडोज उघडते आणि लॉगिनच्या पडद्यावर थांबते. इथे पासवर्डला पुन्हा किंमत येते, कारण एन्क्रिप्शनमुळे मागचा दरवाजा बंद आहे आणि पुढच्या दरवाजावर फक्त पासवर्ड उभा आहे. एकट्या पासवर्डचा काही भरवसा नाही, पण एन्क्रिप्शनच्या जोडीला तो उपयोगी आहे.

म्हणूनच जॉब शीटवरचा ‘सिस्टिम पासवर्ड’ हा रकाना मला फार खटकतो. लोक तो बिनदिक्कत भरतात, आणि मग तोच पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर लावला जातो. तो दिला की एन्क्रिप्शन असून नसल्यासारखं होतं. ड्राइव्ह बदलायची असेल तर पासवर्डची गरज नसते, तपासणी कंपनीच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरून होते. नम्रपणे सांगा, ‘दादा, पासवर्ड नाही देता येणार, ऑफिसचं मशीन आहे’ किंवा सरळ ‘खासगी आहे’. अडवून धरलंच, तर मशीन चालू होत असेल तोवर डेटा काढून घेऊन विंडोज रिसेट करून द्या. रिसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा.

‘आहे’ असं वाटतं, पण नसतं

एन्क्रिप्शन चालू असल्याचा समज आणि ते खरोखर चालू असणं यातही अंतर आहे. बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, लावलेला हार्ड डिस्कचा पासवर्ड पुष्कळांना एन्क्रिप्शन वाटतो. साध्या हार्ड डिस्कवर तो ड्राइव्हच्या फर्मवेअरला गप्प बसवतो एवढंच, चकत्यांवरचा मजकूर उघडाच असतो. ज्या एसएसडी स्वतः एन्क्रिप्शन करतात म्हणून विकल्या जातात, त्यांच्याबद्दलही आंधळा विश्वास नको. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये हे कवच ओलांडून दाखवलं होतं. तोवर बिटलॉकर अशा ड्राइव्हवर काम सोपवून स्वतः बाजूला राहत असे. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने ती सवय बदलली.

विंडोज होम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटी या भागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधावं. नव्या मशीनवर, विशेषतः २०२४ नंतरच्या विंडोज ११ वर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली असेल तर ते बहुधा आधीच चालू असतं. ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसत असेल तर ठीक. त्यासोबत पिवळा त्रिकोण असेल, तर मजकूर एन्क्रिप्ट झालाय पण किल्लीही त्याच डिस्कवर उघडी पडली आहे असं समजा. खात्यात साइन इन करून ते काम पुरं करा. बाहेरून लावायच्या यूएसबी ड्राइव्हला होममधलं हे एन्क्रिप्शन लागू होत नाही, त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. माझ्या मते फोटोंचा बॅकअप ठेवलेली यूएसबी ड्राइव्हच सर्वांत जास्त दुर्लक्षित असते, आणि वॉरंटीत परत जाणाऱ्यांतही ती असतेच.

एन्क्रिप्शन नव्हतं आणि ड्राइव्ह गेलीच असेल, तर सरळ हिशेब करावा. अधूनमधून डिटेक्ट होत असेल तर ती थंड असताना जोडून आधी जेवढं काढता येईल तेवढं काढा, मग पुसायला लावा आणि अर्धवट पुसली गेली तरी तेवढं तरी झालं म्हणा. अजिबात दाद देत नसेल, तर आत काय होतं ते आठवा. फक्त सिनेमे आणि गाणी असतील तर खुशाल परत करा. घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं आणि पासवर्डची एक्सेल फाइल असेल, तर मी वॉरंटी सोडून नवी ड्राइव्ह घेईन आणि जुनीच्या चकत्या फोडून टाकेन.

दुसऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्यांना तर ही निवडही मोकळी नाही. गिरगावातले सीए, पार्ल्यातले डॉक्टर, रिडेव्हलपमेंटसाठी सगळ्या सभासदांचे आधार स्कॅन करून ठेवणारे सोसायटीचे सेक्रेटरी, यांच्या ड्राइव्हमधली माहिती त्यांची स्वतःची नसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, पण व्यवसायाला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अशा कार्यालयांनी खरेदीच्या वेळीच ‘ड्राइव्ह परत न करता बदलून मिळेल’ ही वॉरंटीची जादा सोय मागावी. डेल, लेनोवो आणि एचपी व्यावसायिक मशीनसाठी ती वेगळे पैसे घेऊन देतात. खराब ड्राइव्ह तुमच्याकडेच राहते आणि तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवता.

बदली ड्राइव्ह हातात आली की बॅकअप परत टाकण्याच्या आधी एन्क्रिप्शन चालू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. एसएसडीमध्ये लिहिलेला मजकूर जागा बदलत राहतो आणि जुनी प्रत राखीव सेलमध्ये पडून राहू शकते. आधी उघडं लिहून मग एन्क्रिप्ट केलं, तर ती उघडी प्रत तशीच राहण्याचा धोका असतो. वापरलेलीच ड्राइव्ह असेल तर बिटलॉकर विचारतो तेव्हा ‘पूर्ण ड्राइव्ह’ निवडा, ‘फक्त वापरलेली जागा’ नको. मग ४८ अंकी की कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.