गिटारचा टॅब आणि बेसचा टॅब: आकडे तेच, वाचन वेगळं

गिटार येणाऱ्याने बेस (खर्जाचे सूर देणारी, सहसा चार तारांची गिटार) हातात घेतला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "या तर गिटारच्याच जाड चार तारा, आणि टॅब तर मला येतोच." टॅब म्हणजे तारांच्या रेघांवर आकडे लिहून केलेली गाण्याची नोंद. यातलं पहिलं अर्ध खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यामुळे आकडे सगळे बरोबर असूनही गाणं उभं राहत नाही, आणि का उभं राहत नाही ते वाजवणाऱ्याला कळतही नाही. हे इतक्यांदा पाहिलंय की एकदा नीट लिहायलाच हवं.

सारखं काय आहे ते भराभर उरकते. बेसच्या टॅबला चार रेघा, गिटारच्या सहांपैकी खालच्या चारसारख्याच: सगळ्यात खाली जाड ई, मग ए, डी, जी. आकडा म्हणजे फ्रेट (वाद्याच्या मानेवरचा खण, जिथे बोट दाबायचं), शून्य म्हणजे मोकळी तार. स्लाइड, हॅमर-ऑन, पुल-ऑफच्या (बोट घसरवून, आपटून किंवा ओढून सूर काढण्याच्या) खुणा त्याच. फक्त सूर एक सप्तक खाली: गिटारची जाड ई साधारण ८२ हर्ट्झची, बेसची ४१ हर्ट्झची. पाच तारांच्या बेसचा टॅब असेल तर खाली बी तारेची रेघ वाढते, तेवढं आधी बघून घ्या. इथे सहसा कोणी अडकत नाही.

थोडं पुढे एक खड्डा आहे, तो मला फार खुपतो: गिटारचाच टॅब उघडायचा आणि त्याच्या खालच्या चार रेघा बेसवर वाजवायच्या. काही गाण्यांत दोन्ही वाद्यं खरोखर एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) वाजवतात, तिथे हे चालून जातं. एरवी नाही. डीप पर्पल बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती प्रसिद्ध रिफ सुरू होते तेव्हा बेस गप्पच असतो. ड्रम्स आल्यानंतर बेसवादक रॉजर ग्लोव्हर आत येतो तो जी सुरावर सलग ठोके देत. गिटारची रिफ जोडसुरांची आहे. तीच बेसवर खाली छेडली तर दोन खर्जाचे सूर एकमेकांत मिसळून नुसता गढूळ आवाज येतो. पॉवर कॉर्डचंही (एकत्र छेडलेल्या मोजक्या सुरांच्या भरदार जोडीचंही) तेच. गिटारच्या टॅबमध्ये ३-५-५ एकावर एक दिसले, तर बेसवर बहुतेक वेळा फक्त खालचा ३ पुरतो. उलटा घोळ व्हाइट स्ट्राइप्स बँडच्या 'सेव्हन नेशन आर्मी'चा. २००३ सालच्या या गाण्याची रिफ बेसची वाटते, पण त्या दोघांच्या बँडमध्ये बेसवादकच नव्हता. तो गिटारचा आवाज आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेला.

आता खरा मुद्दा. हा टॅब बघा:

ई|३---३---३---३---|

चार मात्रा, चार वेळा जी. गिटारवाला म्हणेल, यात वाचायचं काय? पण प्रत्येक सूर कुठे संपतो, ते इथे लिहिलेलंच नाही. पुढच्या आघातापर्यंत धरायचा? अर्ध्या मात्रेवर तोडायचा? की टक्कन वाजवून लगेच बंद करायचा? तिन्ही प्रकारांचा टॅब अगदी हाच दिसतो, आणि कानाला ती तीन वेगवेगळी गाणी वाटतात. मधल्या आडव्या रेषा म्हणजे शांतता नव्हे आणि लांबवलेला सूरही नव्हे. ती फक्त जागा आहे, आणि अनेक टॅबमध्ये तीही धड मोजून सोडलेली नसते.

गिटारवर हे खपून जातं, कारण स्ट्रमिंगचा हात चालू असतो आणि एक कॉर्ड दुसरीत विरघळली तरी बरंच वाटतं. बेसची तार लांब आणि वजनदार. गिटारवर साधारण साडेपंचवीस इंच, तर नेहमीच्या बेसवर ३४ इंच. ती सोडून दिली तर काही सेकंद घुमत राहते आणि पुढच्या सुरावर चढते. शिवाय बेस बंद होतो ती जागा ऐकणाऱ्याला ताल म्हणून जाणवते. दुसऱ्या मात्रेवर स्नेअर (ड्रमसेटमधला तडतडणारा ड्रम) पडतो नेमका त्याच क्षणी बेस तोडून बघा: स्नेअरला एकदम धार येते, आणि ड्रमरने मात्र काहीच बदललेलं नसतं.

क्वीन बँडच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मधली बेसवादक जॉन डीकनची रिफ घ्या. ई सुराचे ते आघात सुटेसुटे आहेत, प्रत्येकानंतर श्वास आहे. टॅबमधली शून्यं बघून मोकळी तार वाजवली आणि तशीच घुमू दिली, तर आकडे शंभर टक्के बरोबर आणि गाणं गायब. मोकळी तार आपोआप थांबत नाही, तिच्यावर मुद्दाम हात ठेवावा लागतो. दाबलेला सूर थांबवणं सोपं: डाव्या हाताचं बोट ढिलं करायचं, पण तारेवरून उचलायचं नाही. उचललंत तर मोकळी तार वाजेल. डी किंवा जी तारेवर वाजवताना उजवा अंगठा खाली सरकवून जाड तारांवर टेकवा, नाहीतर त्या आपल्या आपण गुणगुणत राहतात. गिटारच्या टॅबने ही सवय कधी लावलेली नसते.

म्हणून मी कोणताही बेसचा टॅब आधी पेन्सिलीने पुरा करते. आकड्यांखाली 'एक आणि दोन आणि' लिहायचं, मग गाणं ऐकत फक्त सूर संपण्याच्या जागा शोधायच्या आणि तिथे फुली मारायची. वाद्य हातात घ्यायचं नाही. दोन ओळींना वीस मिनिटं लागली तरी चालेल. फुल्या नसलेला टॅब मी अर्धाच मानते, मग त्यावर कितीही चांगले शेरे असोत. आणि फ्रेट बदलायचा मोह झाला, म्हणजे ई तारेवरच्या पाचव्या फ्रेटऐवजी मोकळी ए वाजवली, तर सूर तोच येईल. पण तिथली फुली आता बोट ढिलं करून पाळता येणार नाही, तळहात लागेल.