थंडीत गोठा आणि शेत: पावडर मागण्याआधी एवढं वाचा

दिवाळीचा पाडवा होतो, म्हशींच्या शिंगांचा रंग उतरायला लागतो आणि आमच्या शेती-गुरांच्या दुकानाच्या काउंटरवर एकच वाक्य सुरू होतं: "म्हशीनं दूध कमी केलंय, काहीतरी पावडर द्या." पावडर आमच्याकडे आहे. ती विकली की आमची चूल पेटते, हेही खरं. पण इतके हिवाळे काउंटरमागे काढल्यावर कळतं की बऱ्याच गोठ्यांत दुखणं पाण्याच्या हौदात असतं, वाऱ्याच्या बाजूला असतं, नाहीतर वैरणीत. ते दुरुस्त न करता पावडर घातली तर पैसे शेणात जातात आणि पुढच्या वेळी तुम्ही आमच्यावर चिडता. म्हणून हा कागद. पिशवीत घालून देतोय, घरी गेल्यावर वाचा. गोठा घरातल्या वहिनी बघत असतील तर त्यांच्या हातात द्या.

आपली थंडी कशी असते

कोल्हापूरची थंडी उत्तरेकडच्यासारखी गोठवणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बहुधा १४-१५ अंशांच्या आसपास असतो, लाट आली तर त्याहून खाली जातो. दुपारी मात्र तोच ३० च्या घरात. त्रास होतो तो या चढउताराचा. त्यात भोगावती, कासारी, पंचगंगेच्या काठाला ऊसच ऊस, त्यामुळे सकाळी दव आणि धुकं. गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात गारठा आणखी जाणवतो.

कोरड्या अंगाचं, पोट भरलेलं जनावर एवढी थंडी सहज काढतं. खाल्लेलं पोटात आंबताना ऊब तयार होते, कोरडी वैरण पचताना जास्तच. ओलं अंग, ओली जमीन आणि अंगावर थेट येणारा वारा मात्र त्याला सोसत नाही. म्हैस तर अंगानं काळी, केस विरळ. तिला उन्हाचा जसा त्रास, तसाच गार वाऱ्याचाही.

आधी हौदात हात घाला

उद्या पहाटे धार काढायला जाल तेव्हा हौदाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. रात्रभर उघड्यावर राहिलेलं सिमेंटच्या हौदातलं पाणी बोटं बधिर करतं. म्हैस त्याला तोंड लावते, दोन-चार घोट घेते आणि मान वर करून उभी राहते. आपण म्हणतो, तिला तहान नाही. तहान असते, पाणी गार असतं.

म्हशीच्या दुधात शंभरातले ८२-८३ भाग पाणीच असतं. एक लिटर दुधामागे तिला साधारण तीन-चार लिटर पाणी लागतं, शिवाय अंगाची गरज वेगळी. पाणी कमी गेलं की वैरणही कमी खाते, आणि दोन-तीन दिवसांत दुधाचं माप उतरतं.

उपाय फुकटचा आहे. रात्री हौद रिकामा ठेवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, ते ताजं सोडा. पहाटे लाईट नसेल तर आंबोण (पेंड-भुशाचं खाद्य) तरी कोमट पाण्यात कालवा आणि दुपारी बारा-एकला, ऊन तापल्यावर, पुन्हा पोटभर पाणी दाखवा. रोज मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम मीठ आंबोणात घातलं की पाणी वाढतं. एवढं आठवडाभर करा. तरीही दूध वाढलं नाही तर मग या, पावडरीचं बोलू.

एक फसवणूक लक्षात ठेवा. हिवाळ्यात फॅट थोडी वर जाते. दूध संस्थेच्या पावतीवर फॅट चढलेली बघून माणूस खूश होतो आणि लिटर किती घसरले ते दहा दिवसांचं बिल हातात पडल्यावर कळतं. रोजचं माप वहीत लिहा.

धुणं, धार आणि वारा

सकाळी सहाला म्हशीवर पाइप सोडायची सवय आपल्याकडे पक्की आहे. थंडीत ती सोडा. म्हैस धुवायची तर दुपारी. सकाळी फक्त कास, तीही कोमट पाण्यानं, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून. ओल्या सडांना गार वारा लागला की चिरा पडतात, चिरा पडल्या की म्हैस धारेला लाथ मारते, पुरतं पिळू देत नाही, आणि तिथून कासदाह (कास सुजण्याचा रोग) सुरू होतो. धार झाल्यावर सडाला ग्लिसरीनचं बोट फिरवा. ग्लिसरीन आमच्याकडेच घ्यायला हवं असं नाही, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.

वाऱ्याच्या बाबतीत आमचीच चूक सांगतो. एका हिवाळ्यात घरच्या गोठ्याला आम्ही चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधला. संध्याकाळी आत शिरलं की मस्त ऊब. आठ दिवसांत दोन्ही रेडकं खोकायला लागली. एक दिवस पहाटे पाचला कागद बाजूला करून आत गेलो तर मुताच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं आणि कागदाच्या आतल्या बाजूनं थेंब टपकत होते. म्हणजे आम्ही वारा अडवला आणि ओल व अमोनिया कोंडून ठेवला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं ते नंतर. आधी कागद फाडायला लावला.

तेव्हापासून आम्ही फक्त वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावतो, तेही जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत. वरची हवा मोकळी. दिवस उगवला की गोणपाट गुंडाळून ऊन आत. खाली सुकं पाचट (उसाची वाळलेली पानं) किंवा भाताचं पिंजर, ओलं झालं की रोज बदलायचं. गुडघे टेकून बघा: पँट ओली झाली तर रेडकाचं पोटही ओलंच आहे. गोठ्यात शेकोटी मात्र करू नका. धूर फुप्फुसाला वाईट, आणि पाचटाला ठिणगी लागायला वेळ लागत नाही.

रेडकू आणि चीक

थंडीत सगळ्यात जास्त कोण दगावतं तर पहिल्या महिन्यातलं रेडकू. जन्मल्याबरोबर त्याला कोरड्या पोत्यानं चोळून पुसा, म्हशीला चाटू द्या, आणि अर्ध्या-एक तासात चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजा. "वार (व्यायल्यावर पडणारी झिल्ली) पडल्याशिवाय चीक द्यायचा नाही" हे आपल्याकडे अजून म्हातारी माणसं सांगतात. ते चूक आहे. रोगाशी लढायची ताकद रेडकाला चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाला कमी होत जाते. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. ३० किलोच्या रेडकाला तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. शेजारपाजारी खरवसाचा डबा जरूर पाठवा, पण रेडकाचं पोट भरल्यावर.

दुसऱ्या आठवड्यात जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. म्हशीच्या दुधातूनच गोलकृमी रेडकात येतात. आणि केस वाढलेल्या रेडकाच्या मानेवर, कानामागे बोटं घालून बघा. गोचिडांचा जोर थंडीत कमी होतो, पण उवा वाढतात. अंग भिंतीला घासणारं रेडकू लाडात आलेलं नसतं.

वाडं: फुकट वाटतं, पण

ऊसतोडीचे फड सुरू झाले की सकाळी रस्त्याकडेला वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला येतात. स्वस्त, हिरवं, म्हशी आवडीनं खातात. मार्चपर्यंत कित्येक गोठ्यांत दुसरी वैरणच दिसत नाही. आम्हाला या कागदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

उसाच्या वाड्यात ऑक्झलेट भरपूर असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. दुधात तर कॅल्शियम रोज जातंच. दोन महिने नुसतं वाडं खाल्लेली म्हैस बाहेरून गुबगुबीत दिसते, आतून हाडं पोकळ होत असतात. मग व्यायल्यावर बसते ती उठत नाही, नाहीतर माज दाखवत नाही, नाहीतर भिंती चाटते. शिवाय वाड्यात प्रथिनं कमी.

वाडं बंद करा असं कोल्हापुरात सांगण्यात अर्थ नाही. पण निम्मीच वैरण वाड्याची ठेवा. बाकी कडबा, मका, लसूणघास. वाडं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडून काही तास ठेवलं तर ऑक्झलेटचा त्रास कमी होतो. निवळी म्हणजे भिजवलेला चुना तळाला बसल्यावर वर राहतं ते नितळ पाणी. तळातला चुना घालायचा नाही. आणि इथे मात्र आम्ही दुकानदार म्हणून उघड सांगतो: खनिज मिश्रण घ्या. दुभत्या म्हशीला रोज ५० ते १०० ग्रॅम, दुधाप्रमाणे. आमचं घ्या की दुसऱ्याचं, पण रोज द्या. महिन्यातून आठ दिवस दिलेलं खनिज मिश्रण हा नुसता देखावा आहे.

लसूणघास दवानं भिजलेला असताना, रिकाम्या पोटी ढीगभर टाकू नका. पोट फुगतं. कापून थोडा सुकवा, आधी कडबा चारा.

माज हुकवू नका

म्हैस ही दिवस लहान होतात तेव्हा माजावर (गाभण व्हायला तयार) येणारी जात. उन्हाळ्यात मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा माज, हिवाळ्यात उघड. म्हणजे भरवायचे (रेतन करायचे) दिवस हेच. पण तीही बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे माज दाखवते आणि तेव्हा आपण घोंगडीत असतो. रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर दावणीला एक फेरी मारा, बॅटरी लावून शेपटीखाली बघा. काचेसारखी स्वच्छ बळस (चिकट स्राव), सारखं थोडं थोडं मुतणं, रेकणं, आंबोण टाकणं. सकाळी दिसलं तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हुकलं तर २१ दिवस गेले, आणि तितक्या दिवसांची वैरण फुकट. डिसेंबरच्या मध्यात भरलेली म्हैस ३१० दिवसांनी, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या सुमाराला विते. हिशेब तुम्हीच करा.

लाळ्या-खुरकूत

ऊसतोडणीसाठी बीड आणि आसपासच्या भागातून बैलगाड्या येतात. त्या माणसांचे हाल आपण बघतो. त्यांच्या बैलांना दोष नाही. पण लांबून आलेली आणि स्थानिक जनावरं एकाच पाणवठ्यावर आली की लाळ्या-खुरकूत पसरायला जागा मिळते. सरकारी लस सहा महिन्यांनी येते, चार महिन्यांवरच्या प्रत्येक जनावराला टोचून घ्या. "लस दिली की दूध कमी होतं" म्हणून टाळणारे आहेत. दोन-तीन दिवस थोडं कमी होऊ शकतं. रोग आला तर वेतच (त्या व्यायल्यानंतरचं सगळं दूध) जातं.

आता शेताकडे

उसाला थंडी दोन्ही अंगांनी लागते. उभ्या, पिकलेल्या उसाला ती फायद्याची: थंड रात्र आणि स्वच्छ ऊन मिळालं की वाढ थांबते आणि साखर साठते. गुऱ्हाळं याच दिवसांत जोरात चालतात ते उगाच नाही. नव्या लागणीला मात्र ती मारक. हवा २० अंशांखाली गेली की कांडीचे डोळे फुटायला फार वेळ लागतो, तोवर कांडी कुजते. 'सुरू' हंगामाची लागण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करता येते. ऐन कडाक्यात कांडी गाडण्याची घाई करू नका. रान तयार असेल तर रोपं लावा.

खोडव्याचंही (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचंही) तसंच. तोडणी झाली की पाचट पेटवू नका, हे सगळे सांगतात, आम्हीही सांगतो. पण पाचट ठेवताना ते बुडख्यांवरून ओढून सरीत घ्या. थंडीत बुडखा झाकलेला राहिला की फुटवा येत नाही आणि माणूस म्हणतो, पाचटानं खोडवा घालवला. बुडखे जमिनीलगत छाटा, ऊन लागू द्या. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. गार जमिनीत जिवाणू सुस्त असतात, त्यामुळे महिन्यात पाचट दिसेनासं होईल अशी अपेक्षा नको.

मक्याची जांभळी पडलेली पानं रुमालात गुंडाळून बरेच जण आणतात. गार जमिनीत कोवळ्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, म्हणून हा रंग. लागणीला खत घातलं असेल तर ऊन वाढल्यावर आपोआप हिरवं होतं. त्यावर आमच्याकडून टॉनिक नेऊ नका. गहू-हरभऱ्याला थंडी मानवते, त्यांची काळजी ढगाळ दिवसांत: मावा आणि घाटेअळी बघा. टोमॅटोवर दव साठून राहिलं की करपा. सकाळी वरून पाणी देऊ नका, फवारणी पानं वाळल्यावर करा.

रात्रीची लाईट असेल तर पाणी पाजायला एकटं जाऊ नका. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी भागात गवे उसातून कधी समोर येतील सांगता येत नाही. गव्यावर बॅटरीचा झोत रोखून धरू नका, मागे सरका. आणि पायात बूट घाला.

दुकानात येताना

नुसतं "म्हैस आजारी आहे" म्हणू नका. म्हैस कधी व्याली, वेत कितवं, काल आणि आठ दिवसांपूर्वी दूध किती, वैरणीत वाडं किती, पाणी किती वेळा, शेण पातळ की घट्ट, एवढं सांगा. ताप, धाप किंवा रक्त दिसत असेल तर आमच्याकडे येऊच नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पिकाचं पान आणायचं तर रोगट आणि चांगलं अशी दोन्ही आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदात. खनिज मिश्रणाची पिशवी फोडली की डब्यात घट्ट झाकून ठेवा. दवानं गोळा झालेली पिशवी आम्ही परत घेत नाही.